अंगठ्यावरचा वण

प्रयोगशाळेतल्या काचनळ्या धुऊन हातमोजे काढले, की अंगठ्यावरचा वण दिसतो. सातवीत शाळा सुटली त्या वर्षी आईच्या विळीवर कापलं होतं.

शरीरात प्रथिनं कशी तयार होतात, हे शोधण्यात मॅडमचा जन्म गेला. माझ्यासारखीला त्यांनी काम दिलं, वर शिकवतातही. "शरीर रोज थोडं मोडतं गं, आणि रोज नव्याने बांधतं," त्या म्हणाल्या, तेव्हापासून माझा गोंधळ उडालाय. आठ वर्षांनी यंदा दिवाळीला गावी जायचंय. आईने शहरात पाठवलेली मुलगी माझ्यात उरली तरी असेल का? ओळखेल ना आई?

आज विचारलंच. "सगळं नवं होतं, मग हा वण कसा राहतो?"

मॅडमनी माझा अंगठा चष्म्याजवळ धरला. "शरीर वणसुद्धा पुन्हा बांधत राहतं. का, ते मलाही पुरतं कळलेलं नाही बाई."

त्यांनाही कळलेलं नाही! मला उगाच हलकं वाटलं. त्या नादात हातमोजे न घालताच कोरडी नळी उचलली.

"अगं, ठसा! पुन्हा धू ती."

नळी उजेडात धरली. काचेवर माझा अंगठा उमटला होता, मधोमध विळीची रेघ. धुवायलाच हवा होता. मी मात्र बघत राहिले.