जत्रेतला जुना रहाटपाळणा

पाहुणे आले की त्यांना बुऱ्हाणपूर दाखवायचं, अशी आमच्या शनवारा पेठेतल्या घरची रीत होती आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहुणे काही खंडले नव्हते. खंडव्याचे यायचे, जळगावचे यायचे, टेसनावरून टांगे भरभरून यायचे. किल्ल्यातला हमामखाना बघायचे, जमिनीखालून वाहणारं पाणी विहिरीत वाकून बघायचे, नावेतून पलीकडे जाऊन बादशहाच्या राणीला आधी पुरलं होतं ती जागा बघायचे. दमून आले की माझ्या हातच्या पोळ्यांवर तुटून पडायचे. मी तव्यापाशी बसून सगळं ऐकायचे. त्या राणीला नंतर आग्र्याला नेलं म्हणे. मला वाटायचं, मेल्यावर का होईना, बाई बाहेर तरी पडली. मी जिवंत असून वर्षभर वेशीपर्यंतसुद्धा गेले नव्हते.

पण खरं सांगते, मला ना हमाम बघायचा होता, ना राणीची जागा. मला माझी आई बघायची होती.

आई फोपनारला. बैलगाडीनं सकाळी निघावं आणि जेवायच्या आत पोचावं, एवढ्यावर. पण आमच्यात मुलीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणी पीत नाहीत आणि मला मूल नव्हतं. वडील कापूस घेऊन बाजारात आले की दारात उभे राहायचे, "बरी हायेस ना?" विचारायचे आणि उन्हातान्हाचे कोरड्या घशानं परत जायचे. आई तेवढंही करायची नाही. म्हणायची, लेकीच्या दारात तहान लागली तर काय करू? आखाजीच्या सणाला सगळ्या लेकी माहेरी जातात, पण त्या वर्षी नेमकं नणंदेचं बाळंतपण निघालं आणि माझं जाणं राहिलं. वर्ष उलटून गेलं, आईचं तोंड दिसलं नव्हतं.

उरली जत्रा. दसरा झाला की बालाजी तापीवर यायचा आणि काठाला दुकानं लागायची. ती जागा सासरची नव्हती आणि माहेरचीही नव्हती. वडिलांकडून निरोप आला, आई येतेय, रहाटपाळण्यापाशी उभी राहील.

जत्रेला आम्ही तिघी निघालो. सासूबाई, जळगावहून पाहुणी आलेली त्यांची बहीण आणि मी. "सूनबाई, मावशीचा हात सोडू नको, बघ हं," सासूबाईंनी दारातच बजावलं. मावशी एकदा दुकानापुढे उभी राहिली की तिला तिथेच मुळं फुटायची. बांगड्या चढवल्या, उतरवल्या, पुन्हा चढवल्या. पितळेचा एकेक तांब्या वाजवून पाहिला. चित्रांच्या पेटीला डोळा लावून दिल्लीचा दरबार दोनदा बघितला.

"अगं बघ तरी, केवढा हत्ती!"

मी डोळा लावला. मला हत्ती दिसला नाही की बादशहा दिसला नाही. माझा जीव नुसता वरखाली होत होता. एका हातात पाण्याचा फिरकीचा तांब्या होता आणि कमरेला खोचलेला दराब्याचा डबा टोचत होता. तो रव्याचा गोड दराबा मी आईसाठी पहाटे तूप घालून घोटला होता, तोही पाहुणीसाठी करते म्हणून.

शेवटी एकदाची रहाटपाळण्यापाशी आलो. केवढा थोरला पाळणा, रंगीत, वर निशाणं लावलेला! त्याच्याखाली आई नव्हती. मी येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत होते. एकदोघींनी माझ्याकडे रागानं बघितलं. ऊन कललं. गावाकडच्या गाड्या दिवेलागणीच्या आत जुंपतात. आई आजारी असेल का? रुसली असेल? का वडिलांनी आणलंच नाही? मावशीला पाळण्यात बसायची हौस आली आणि ती पाळणेवाल्याशी घासाघीस करायला लागली. तो वैतागून म्हणाला, "सस्ता चाहिए तो पुराने में बैठो, उधर घाट के पास."

पुराना! म्हणजे जत्रेत दोन पाळणे होते. फोपनारच्या माणसांना वर्षानुवर्षांचा तो जुनाच ठाऊक.

मी मावशीचा हात सोडला आणि पळत सुटले. मागून सासूबाईंची हाक आली, ती मी ऐकलीच नाही म्हणा.

जुना पाळणा म्हणजे चार लाकडी खोकी आणि करकरणारा दांडा, दोन माणसं हातानं ढकलत होती. खाली आई नव्हती. मी रडकुंडीला आले, तेवढ्यात वरून आवाज आला.

"ए पोरी! तिठीच उभी राह्य! हलू नको!"

वर बघते तर आई. घरात माळ्याची शिडी चढायला घाबरणारी माझी आई, दोन्ही हातांनी खोकं आवळून आभाळात बसलेली. खोकं खाली आलं. "कुठी व्हती वं तू?" मी उत्तर देईपर्यंत ती पुन्हा वर.

"सुबह से चढ़ रही है माँजी," ढकलणारा मला म्हणाला. "उतरती है, उलटी करती है, फिर चढ़ती है. बोलती है, ऊपर से बेटी दिखेगी."

पाळणा थांबला. आई उतरली ती माझ्या अंगावर कोसळलीच. चेहरा पिवळाफटक, ओठ सुकलेले. मी डबा उघडला, घरून आणलेला पाण्याचा तांब्या पुढे केला. तिनं हात आडवा धरला. "तुह्या घरचं नको माय."

मला असा संताप आला! "मग मर तहानेनं!" मी ओरडले आणि ओरडता ओरडता रडायला लागले. इतकी वाट बघून आईला मी हे बोलले.

आई सावरून उभी राहिली. माझा हात धरून लटपटत घाट उतरली आणि शेवटच्या पायरीवर बसली.

"घाल ओंजळीनं," ती म्हणाली. "तापी काही तुह्या सासऱ्यानं नाही आणली."

मी तापीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि तिच्या तोंडाशी धरलं. ती घटाघटा प्यायली. वरच्या पायरीवर सासूबाई येऊन उभ्या होत्या, मला हाका मारत होत्या. आईनं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"आनखी," ती म्हणाली.

मी पुन्हा ओंजळ भरली. मग पुन्हा. आता तिला पिववत नव्हतं, पाणी हनुवटीवरून ओघळून लुगडं भिजत होतं.

"आनखी घाल," आई म्हणाली.