नंदीच्या कानाशी मामा

उभ्या सोलापुरात माझ्या बायकोच्या मामांइतका भाबडा माणूस शोधून सापडायचा नाही. आणि सापडलाच, तर मामा त्याला आधीच चहाला घेऊन आलेले असतील. वळसंगला एका लग्नाला गेले, भलत्याच मांडवात शिरले, पोटभर जेवले, आहेर केला. चूक कळल्यावरही पाठवणीपर्यंत थांबले. का, तर "पोरगी रडत होती की, तसंच उठून कसं यायचं?" त्या घरच्या बारशालाही परवा जाऊन आले. मी ताटावर बसलेला दिसलो तरी दारातून विचारणार, "जेवताय व्हय?" आणि हो म्हटलं की जेवण होईपर्यंत तिथंच उभे. मी मूळचा तापट. अशा वेळी घास गिळता गिळता नाकी नऊ यायचे.

पण खरा कहर सोमवारी, देवळात. लोक नंदीच्या कानात हळूच मागणं सांगून पुढं सरकतात. मामा त्याला अख्खा आठवडा सांगायचे, तोही मोठ्यानं. "दगडाचा हाय तो. हळू बोललं तर ऐकू कसं जाईल?" गुडघा कुठं दुखतो, डाळीत मीठ किती पडलं, शेजारची म्हैस कशी व्याली, सगळं. मध्येच उत्तरासाठी थांबायचेसुद्धा! त्यांच्या घरी मामांनी तोंड उघडलं की टीव्हीचा आवाज वाढतो, त्यांचं ऐकणारं असं दुसरं कुणी नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही श्रावणातल्या एका सोमवारी, पोटात उपास आणि मागं भलीमोठी रांग असताना, मी सगळ्यांदेखत ओरडलो, "मामा, पुरे झाला मूर्खपणा! हे देऊळ आहे, पार नव्हे!"

मामा गोरेमोरे झाले. मग पुन्हा नंदीकडं वाकले. आवाज तोच, साऱ्या देवळाला ऐकू जाणारा. "जावईबापू चिडले बघ. त्यांचा दोष न्हाय, मीच बावळट हाय. त्यांना बीपी हाय, तेवढं सांभाळ की. आन जमलं तर मला थोडी अक्कल दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिंडीवर बेल वाहिला, पण मान वर करायची हिंमत झाली नाही. बायकोही रांगेतच होती. घरी चपला काढताना म्हणाली, "नंदी इतकी वर्षं ऐकतोय त्यांचं. कधी शिंग उगारलं का त्यानं? आणि भक्त म्हणे तुम्ही!" खरंच होतं ते.

मामांनी राग धरला नाही. त्यांना तो धरताच येत नाही. दुसऱ्याच दिवशी शेंगांची चटणी घेऊन हजर. पण पुढच्या सोमवारी ते नंदीपाशी वाकले, ओठ हलले न हलले, आणि लगेच बाजूला झाले.

"मामा, सांगा की सगळं. मला घाई नाही," मी अक्षरशः विनवलं.

ते हसले. "नको, जावईबापू. लोकं खोळंबतात."

त्यांनी मला वाट करून दिली. आता दर सोमवारी रांग भराभर सरकते. माझी पाळी येते, मी नंदीच्या कानाशी वाकतो, आणि लाजेनं तोंडातून शब्द फुटत नाही.