बंद खाणीची कॉलनी आणि पंजाची पैज

रविवारी पन्हाळ्याला जायचं ठरलं होतं. बाबांनी ऐनवेळी मोडता घातला. "पन्हाळा कुठं पळून जात न्हाय. मला खाणीवर ने. तुक्याला खाली आणायचाय." तुक्या म्हणजे तुकाअण्णा, बॉक्साइटच्या खाणीवरचा त्यांचा जोडीदार. खाण कधीच बंद पडली, त्याची बायको, आमच्या काकीही वारल्या, तरी हा गडी तिथल्या ओसाड कॉलनीत एकटाच राहतो. आईनं भाकरी बांधून दिली आणि आम्ही बापलेक राजारामपुरीतून निघालो.

गडहिंग्लजपर्यंत रस्ता झकास. तिथंच पोटभर खाऊन घ्या आणि टाकीही भरा. पुढं चहा मिळाला तर नशीब. चंदगडच्या बाजूला डोंगर चढताना डांबर संपतं, लाल माती सुरू होते. डंपरनी पाडलेले खड्डे अजून शाबूत आहेत. छोटी गाडी असेल तर खालच्या वाडीत लावून चालत या. माझ्या गाडीचं बूड दोनदा आपटलं, आणि दोन्ही वेळा बाबांनी विचारलं, "येती का गाडी तुला?" जन्मभर डंपर चालवलेल्या माणसाला शेजारी बसवू नये, हा फुकटचा सल्ला.

वर पठारावर क्वार्टर्सची रांग. छपरं गेलेली, स्वयंपाकघरात करवंदीच्या जाळ्या. बाबा सुटलेच. "ही शाळा. हितं बाजार भरायचा. त्या भोंग्यावर अख्खी कॉलनी जेवायला बसायची." माल संपला, कंपनीनं गाशा गुंडाळला, माणसं मिळेल त्या ट्रकनं पांगली. आता फक्त जुन्या कॅन्टीनच्या दारात एक म्हैस रवंथ करत बसलेली.

"या पावणं!" आतून तुकाअण्णा ओरडले.

"पावणं कुणाला म्हणतोस रं? कापडं भर. आमच्यात राहायचं आता."

"आनि म्हस?"

"तीबी आण की."

"तिसऱ्या मजल्यावर?"

मी हसून बेजार. बाबा मात्र तापले. "रातीचं छातीत कळ आली तर कोण हाय हितं? म्हस फोन करणार?"

 अण्णांनी बाही वर सारली. "चल, पंजा लढव. तू जिंकलास तर येतो. हरलास तर तू हितं राहायचं."

मी निश्चिंत झाले. बाबा पंजात हरत नाहीत, गल्लीतल्या जिमवाल्या पोरांनाही त्यांनी लोळवलंय. अण्णांचा हात म्हणजे नुसतं वाळकं लाकूड. त्यांची ट्रंक मावावी म्हणून मी डिकी आवरायला घेतली, तोवर मागून बाबांचा आवाज आला, "आयला, हरलो की!"

अण्णा असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मी भांडले, हातापाया पडले. "शब्द म्हंजे शब्द," म्हणत बाबांनी चुलीवर चहा ठेवला. मला घोटभर दिला आणि अंधाराआधी डोंगर उतर म्हणाले.

गडहिंग्लजला गाडी थांबवून मी रडून घेतलं, मग गरम भजी खाल्ली. खरं सांगते, जागा बघायला जरूर जा. शाळेच्या भिंतीवर पाढे अजून वाचता येतात. पण मला तिथले दोन म्हातारे आणि त्यांचं भांडणच डोळ्यांसमोर दिसत होतं.

आईनं दार उघडलं. माझ्यामागं कुणी नाही हे तिनं पाहिलं.

"बाबा पैज हरले," मी म्हटलं.

"व्हय, म्हाईत हाय," आई म्हणाली. "महिनाभराच्या बीपीच्या गोळ्या सकाळीच खिशात घालून गेल्यात."