शेवटचा थांबा नसलेली बस

...आणि तुझी मावशी काही झोपायला बसमध्ये चढली नव्हती, डोक्याचा भुगा झाला म्हणून चढली होती. तुझी आई सांगतेय तसं लिही, गाळू नकोस.

मोबाईलवर बसचं पान उघडतं ना, ते करायचं तिचं काम. आपण आपला थांबा दाबायचा, की पुढचे थांबे दिसतात. तिने आत एकच हुकूम लिहिलेला: प्रत्येक थांब्याने पुढच्याला विचारायचं, तू शेवटचा का? नसेल तर त्याने त्याच्या पुढच्याला. शेवटचा ‘हो’ म्हणाला की उत्तरं हातोहात मागे येणार. बाकी सगळ्या बसना चाललं. गोल फिरणाऱ्या बसला मात्र पान पांढरंफटक, खाली लाल ओळ: आतल्या इंजिनाची चूक, स्वतःलाच फार वेळा बोलावलं. इंजिन म्हणजे बसचं नव्हे, तिचे हुकूम चालवणारा प्रोग्रॅम.

“इंजिनच बिघडलंय,” मावशी म्हणाली.

“त्या बिचाऱ्याला कशाला नावं ठेवतेस?” तिची साहेबीण म्हणाली. “संध्याकाळपर्यंत चाललं तर नोकरी पक्की. नाहीतर तू तुझ्या घरी.”

मावशी खाली उतरली आणि त्याच गोल बसमध्ये जाऊन बसली. टळटळीत दुपार, बस रिकामी. काचेवर ऊन असं हलत होतं की सगळी गाडी पाण्याखालून चालल्यासारखी. दवाखाना गेला, कापडाचं दुकान गेलं, पाण्याची टाकी गेली. तिचे डोळे मिटले. झोपेत सगळे थांबे माणसांसारखे उभे, जो तो पुढच्याच्या कानाला लागलेला. कुजबुज पुढे पुढे सरकतेय, आणि पहिल्याने विचारलेलं फिरून त्याच्याच पाठीमागून येतंय. तो बापडा पुन्हा पुढच्याला विचारतोय. प्रश्न सगळ्यांकडे, उत्तर कुणाकडेच नाही.

डोळे उघडले तर पुन्हा दवाखाना.

“ताई, दुसरी फेरी चाललीये,” ड्रायव्हर आरशातून म्हणाला. “घरी झोपू देत नाहीत वाटतं?”

“शेवटचा थांबा आला की उतरते.”

“मग डबा आणायचा होतात की. मी निवृत्त होईन, तो काही यायचा नाही.”

मावशी हसली, आणि हसता हसता तिच्या ध्यानात आलं, गोल बसला शेवटचा थांबाच नाही. इंजिन धडधाकट होतं. तिनेच त्याला नसलेला थांबा शोधायला पाठवलं होतं, ते दम लागेस्तोवर फिरलं.

टेबलाशी येऊन तिने हुकुमात भर घातली: विचारून झालेल्या थांब्यावर खूण करायची, खूण दिसली की तिथूनच मागे वळायचं. पान उघडलं. थांबे एकेक करत वर आले, पहाटे दिवे दिसावेत तसे. साहेबिणीने दाबून दाबून बघितलं.

“उद्या वेळेवर ये,” एवढंच म्हणाली.

मावशी दुसऱ्या दिवशी बस बघायला गेली, तर त्या ड्रायव्हरची बदली झालेली. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला तो भेटला, तर त्याला एवढं सांगा, ताईची नोकरी पक्की झाली.