फोटोखालचं नाव

हे माझ्या बायकोला माहीत नाही. ऑफिसात कुणाला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असायला हवं त्यांना तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाच्या तोंडावर सांगायला जो धीर लागतो, तो माझ्यात कधीच नव्हता — पुढे वाचाल तेव्हा कळेलच.

दादरची खोली सोडून आम्ही मीरा रोडला, सिल्व्हर पार्कला राहायला आलो आणि मला फोटोग्राफीचं वेड लागलं. दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. डिजिटल कॅमेरा घेतला, केबलवाल्याकडून इंटरनेटची वायर ओढून घेतली आणि स्वतःला कलावंत समजायला लागलो. विमा कंपनीच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या सह्या तपासणारा माणूस मी! रविवारी स्कूटर काढायची, खाडीकडे राई गावापर्यंत जायचं, बगळे, होड्या, वाळत घातलेली जाळी असं काय दिसेल ते टिपायचं आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर चढवायचं. फोटो लावायच्या एका साइटवर माझं पान होतं. तिथे प्रत्येक फोटोखाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. हसू नका. किंवा हसा, एवढ्या भागापुरतं हसलात तरी चालेल.

राईची हिराताई आमच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन यायची. टोपली दारात टेकवायची, भावावरून माझ्या बायकोशी भांडायची आणि भांडण जिंकूनही दोन बोंबील वर टाकून जायची. मला भाऊ म्हणायची. तिच्या पुतण्याचं लग्न निघालं तेव्हा तिने आम्हाला मुद्दाम हळदीला बोलावलं, कारण राईत लग्नापेक्षा हळद मोठी. मांडवात शिरलो तशी ती गर्दीतून हात हलवत आली.

"भाऊ, आमच्या दर्शनाचा फोटू काढा ना. पोर आज लई खुशीत हाय."

दर्शना तिची मुलगी. बारावी झालेली. वसईकडच्या एका घरी तिचं लग्न ठरत आलं होतं, सुपारी तेवढी फुटायची बाकी होती. बायका एकमेकींना हळद फासत होत्या. कुणीतरी मागून तिच्या डोक्यावर कळशी ओतली, ती चिंब भिजली, पदर खांद्यावरून सरकला, आणि मान मागे टाकून ती हसली. मी बटण दाबलं. माझ्या हातून निघालेला तो एकच खरोखर चांगला फोटो. आजही तसंच म्हणेन — आणि तेच तर दुखणं आहे.

फोटो माझ्या पानावर चढवला आणि खाली लिहिलं, 'दर्शना, राई गावची हळद'. तिला विचारलं होतं का? काढायला तिच्या आईनेच सांगितलं होतं. जगाला दाखवायला कुणी सांगितलं नव्हतं, पण ते वेगळं विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ही पहिली चूक, आणि ती कबूल करायला मला फारसं जड जात नाही. जड जातं ते पुढचं.

ऑफिसात एक जण होता, ज्याला मी जबरदस्तीने माझे फोटो दाखवत असे. एके दिवशी त्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, तुझा तो हळदीचा फोटो भलत्याच साइटवर आहे. घरी येऊन उघडलं. गावोगावच्या मुलींचे फोटो गोळा करून लावलेले, वर घाणेरडं शीर्षक, खाली लोकांचे शेरे. त्यात मधोमध दर्शना. फोटो तोच होता, पण शेजार बदलल्यावर तिचं ते हसणंसुद्धा वेगळं दिसत होतं. शेरे इथे लिहिणार नाही. मी ते वाचले होते, सगळे वाचले होते, एवढं लक्षात ठेवा.

काय वाटलं मला? खरं सांगू? आधी जरा बरं वाटलं. कुणाला तरी माझा फोटो चोरावासा वाटला! मग राग आला. आणि राग कशाचा — पोरीची अब्रू चव्हाट्यावर मांडली याचा? छे. फोटोच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरांत माझं नाव घातलं होतं, तेवढी पट्टी त्याने कापून टाकली होती. त्याचा राग.

साइटवर एक ईमेलचा पत्ता होता. त्यावर मी लांबलचक मेल ठोकला. चोरी, कायदा, पोलीस, जे जे सुचलं ते सगळं. फोटो माझा, मेहनत माझी, नजर माझी. दर्शनाचा त्यात उल्लेख नव्हता. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण दुसऱ्याच दिवशी आलं, रोमन अक्षरांत लिहिलेलं हिंदी. 'भाई, गुस्सा मत करो. फोटो हटा दूँ या आपका नाम डाल दूँ?'

इथे आलो की मी थांबतो. मनातल्या मनात हे आठवतानासुद्धा थांबतो, उठून पाणी पितो, दुसरं काहीतरी काम काढतो. आज नाही उठणार.

मी लिहिलं — नाम डाल दो.

कुणी जबरदस्ती केली नव्हती. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, बाजूला चहा निवत होता, मी पूर्ण शुद्धीत होतो. माझं पान बघायला मी आणि माझा मेहुणा एवढेच यायचो, आणि त्या साइटवर तर झुंबड होती. मला वाटलं, निदान नाव तरी चार लोकांपर्यंत पोचेल.

पोचलं. त्या नावाचा माग काढत लोक माझ्या पानावर आले, आणि तिथे मीच लिहून ठेवलं होतं, दर्शना, राई. तोवर ती कुठलीही एक हसणारी मुलगी होती. तिचं नाव-गाव त्यांना मी दिलं. भाईंदरच्या कुठल्याशा सायबर कॅफेत पोरांनी ते पाहिलं, कागदावर छापून घेतलं, आणि तो कागद हातोहात वसईपर्यंत गेला. मुलाकडच्यांचा निरोप आला, सुपारी फुटणार नाही.

हिराताई आली ती टोपलीशिवाय. दारातच उभी राहिली. बायकोने किती वेळा बोलावलं तरी आत येईना.

"भाऊ," ती म्हणाली, "त्यो फोटू काढा."

आपल्या मराठीत हवा असलेला फोटोही काढतात आणि नको असलेलाही काढतात. मांडवात तिने हेच शब्द म्हटले होते, आणि मी क्षणात काढला होता. आता काय करणार होतो? मी म्हणालो, ताई, तो चोरलाय, माझ्या हातात काही नाही. दर्शना जिन्यात, दोन पायऱ्या खाली उभी होती. तिने मान वर न करता विचारलं, "पन खाली तुमचं नाव हाय ना?"

"चोरानेच टाकलं," मी म्हणालो.

दोघींनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? भाऊ म्हणत होत्या. हिराताईला पोलिसात जायचं होतं. भाऊ, तुमी संगं चला, तुमाला इंग्लिश येतं, म्हणाली. आणि मी तिला समजावलं. शांतपणे, मोठ्या भावाच्या मायेने समजावलं, की पोलिसात गेलात तर बोभाटा होईल, पोरीचंच नाव आणखी खराब होईल, त्यापेक्षा गप्प राहा, लोक विसरतात. बायको शेजारी उभी राहून मान डोलवत होती. किती समजूतदार नवरा! पोलिसांनी मला पहिलं काय विचारलं असतं? तुम्ही त्या माणसाला काही कळवलंत का, त्याने काही उत्तर दिलं का. मला पोरीच्या नावाची काळजी नव्हती हो. मला त्या तीन शब्दांची भीती वाटत होती.

त्या जिना उतरून गेल्यावर मी कॉम्प्युटर लावला आणि लिहिलं, हटा दो. पुन्हा लिहिलं. हात जोडून लिहितात तसं लिहिलं. आता तिकडून उत्तर येईना. माझं पान मी पुसून टाकलं, पण तोवर तो फोटो आणखी तसल्याच ठिकाणी गेला होता. काही ठिकाणी खाली माझं नाव होतं. ज्या नावासाठी एवढा जीव टाकला होता, ते दिसलं की मी घाईघाईने पान बंद करायचो.

हिराताई पुन्हा येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने बायकोच्या हातात सुक्या जवळ्याची पिशवी ठेवली. भाऊंनी चांगला सल्ला दिला म्हणून, असं म्हणाली. बायकोने कांदा घालून परतला, भाकरी केली. मी जेवलो. मागून घेऊन जेवलो. घास घशात अडकला वगैरे काही झालं नाही, हेही तुम्हाला कळलेलं बरं.

सांगता आलं नसतं का? ती दर दोन दिवसांनी दारात येत होती. मासे निवडताना, पिशवी धरून उभा असताना, कधीही सांगता आलं असतं. मी पापलेट ताजं आहे का विचारत राहिलो.

गेल्या वर्षी तिच्या धाकट्या मुलाची हळद झाली. तिने आम्हाला बोलावलं. भाऊ, कॅमेरा आना, म्हणाली. मी बिघडलाय म्हणून सांगितलं आणि रिकाम्या हाताने गेलो. मांडव तसाच, वाजंत्री तशीच. दर्शनाचं लग्न झालेलं नव्हतं. बायका मध्यभागी नाचत होत्या आणि ती मागे, भांड्यांपाशी बसून पंगतीची पानं पुसत होती. कुणी मोबाईल वर केला की हातातलं काम न थांबवता पदर तोंडावर ओढून घ्यायची. इतक्या सवयीने ओढायची की कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

माझ्या बायकोच्या आलं. मी जेवायला बसलो होतो तिथे ती दर्शनाला हात धरून घेऊन आली आणि म्हणाली, "अगं, तोंड काय लपवतेस? एक तरी फोटो काढून घे."

"माजे फोटू बरे येत न्हाय, वैनी," दर्शना म्हणाली. मग माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "भाऊंनी काढलेला ना एकदा. त्यो चांगला आलता."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, नव्हता. तिने माझ्या पानावर भात वाढला, वर डाळ घातली, आणखी हवा का विचारलं. मी हो म्हणालो.