फाइलताईचे चौदा टक्के

टक्केसर गोल आकडा कधी सांगत नसत. वीस, तीस, पन्नास हे आकडे त्यांना आळशी वाटायचे. "तेवीस म्हटलं की समोरच्याला कळतं, या माणसानं विचार केलाय," असं ते म्हणायचे, आणि परदेशात एमबीए करायला निघालेली मुलं प्रवेशाच्या शक्यतेचे ते तेवीस टक्के डॉक्टरच्या चिठ्ठीसारखे जपून घरी न्यायची. सरांनी आधी बावीस वर्षं विमा कंपनीत काढली होती, कोण किती जगेल याचे तक्ते करण्यात. मग औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन त्यांनी हे कार्यालय थाटलं. "तिथे अंदाज बरोबर की चूक हे कळायला माणूस मरावा लागायचा. इथे चार महिन्यांत कळतं," हा त्यांचा ठरलेला विनोद. त्यावर हसावं की नाही हे नव्या मुलांना समजायचं नाही.

एक मात्र खरं, माणूस सचोटीचा. बाकीचे सल्लागार येईल त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचे. सर कुणाला चढवत नसत. उलट चढलेल्याला हात धरून खाली उतरवायचे, आणि वर पाणी विचारायचे.

बाहेरच्या खोलीत फाइलताई बसायची. तिला खरं नाव होतं, पण नऊ वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं. फोन घेणं, फॉर्म लावणं, कुणाचं शिफारसपत्र अडकलंय, कुणाचा निबंध शब्दमर्यादेबाहेर गेलाय, हे सगळं तिच्याकडे. आणि रोज सकाळी पट्ट्या चिकटवणं. सरांचा नियम होता की फॉर्मवरचं नाव आणि फोटो त्यांना दिसता कामा नये. "चेहरा दिसला की मन वाहवतं," असं ते म्हणत. म्हणून ताई प्रत्येक नावावर खाकी कागदाची पट्टी डकवून गठ्ठा आत ठेवायची. सर पेन्सिलीनं कोपऱ्यात आकडा लिहायचे, खाली एक ओळ शेरा. मग ताई पट्ट्या काढून एकेकाला फोन करून बोलवायची.

त्या बुधवारच्या गठ्ठ्यात तिनं स्वतःचा फॉर्म ठेवला होता.

छत्तिसाव्या वर्षी हे खूळ कुठून शिरलं, ते तिला विचारू नका. दुसऱ्यांचे निबंध तपासता तपासता शिरलं असेल. दीड वर्ष पहाटे उठून तिनं अभ्यास केला, कुणाला पत्ता लागू न देता जीमॅट ही एमबीएची प्रवेशपरीक्षा दिली, आणि शंभरातल्या ब्याण्णव जणांना मागे टाकलं. हे फक्त आईला माहीत होतं. आई निवृत्त परिचारिका, दोघींचंच घर.

"परीक्षा दिलीस, चांगली पास झालीस. आता त्या सरांना काय विचारायचंय?" आईनं आदल्या दिवशी विचारलं होतं.

"शक्यता किती ते कळायला नको?"

"आणि कमी निघाली तर?"

"पंचवीसच्या खाली आली तर अर्ज करायचा नाही. ठरवलंय मी."

"कमाल आहे बाई तुझी," आई म्हणाली. "आणि मी एकटी राहीन म्हणून मागे सरत असशील तर तसं सांग. माझ्या गोळ्या माझ्या मला घेता येतात."

तसं नव्हतं. सरांचा शब्द ताईसाठी शेवटचा होता, इतकंच. शिवाय अर्जाला सध्याच्या वरिष्ठांचं शिफारसपत्र लागत होतं, म्हणजे सरांचंच. ज्यांनी आपल्याला दहा-बारा टक्क्यांत काढलं त्यांच्याकडे कोणत्या तोंडानं पत्र मागायचं? अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती.

फॉर्म तिनं प्रामाणिकपणे भरला होता. सहा वर्षं इस्पितळाच्या नोंदणी विभागात कारकून, नऊ वर्षं एका लहान खासगी कार्यालयात सहायक. कामाचं स्वरूप: फोन घेणे, फाइली लावणे, पत्रव्यवहार. यापलीकडे आपण काही करतो असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

चहानंतर गठ्ठा बाहेर आला. तिनं शिस्तीत वरून एकेक फॉर्म घेतला. एकतीस. सत्तेचाळीस. नऊ. आणि मग तिचा.

चौदा. खाली शेरा: 'गुण उत्तम. पण सांगितलेलं काम करणारी व्यक्ती दिसते. स्वतःहून काही उभं केल्याची खूण नाही. नाद सोडावा.'

ताईनं तो दोनदा वाचला. तिला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे वाटलं की ओळ पटत होती. पट्टी काढायचीही तिला इच्छा होईना. डोळे भरून आले तसे तिनं ते पदरानं टिपले आणि रोजच्या सवयीनं खालच्या खणातली वही काढली.

या वहीची हकिकत सांगायला हवी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलाचा फोन आला होता. सरांनी त्याला अकरा टक्के सांगितले होते आणि त्याला प्रवेश मिळाला होता. ताईनं आनंदानं आत जाऊन सांगितलं तर सर म्हणाले, "मग? अकरा टक्के म्हणजे शंभरात अकरा जणांना मिळणारच." ताईला प्रश्न पडला, खरंच शंभरात अकराच का? तेव्हापासून ती प्रत्येकाची नोंद ठेवू लागली. नाव, सरांचा आकडा, अर्ज केला की नाही, निकाल काय. निकालाचे फोन तिलाच यायचे, आणि ज्यांचे येत नसत त्यांना ती करायची. गेली सात वर्षं हे चाललं होतं.

तिनं नव्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. पुढे चौदा. तिसरा रकाना भरायला एरवी दोन-तीन महिने जात. या वेळी उत्तर हातात होतं. 'केला नाही' असं लिहायला पेन टेकवलं आणि नजर त्याच रकान्यावरून वर गेली. केला नाही. केला नाही. केला नाही. पानभर तेच.

तेवढ्यात सर कप घेऊन बाहेर आले. "ताई, ती चौदावाली कधी येणार आहे? जरा समजुतीनं घ्या तिला. मेहनती वाटते."

"आलीय," ताई म्हणाली.

"कुठाय?" सरांनी रिकाम्या बाकाकडे पाहिलं.

ताईनं फॉर्मवरची पट्टी काढली आणि फॉर्म त्यांच्यापुढे धरला. सर वाचत राहिले. कप कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना, म्हणून तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"चेहरा दिसला की मन वाहवतं ना, सर."

सर खुर्चीत बसले. समोर उघडी वही. "हे काय?"

तिनं सांगितलं. ते पानं उलटू लागले. विमा कंपनीतला माणूस, आकडे दिसले की बाकी सगळं विसरणारा. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि दहा ते वीस टक्केवाले मोजायला घेतले.

"मोजलेत मी," ताई म्हणाली. तो हिशेब स्वतःला लावायचं मात्र तिला आजवर सुचलं नव्हतं. "दोनशे चौदा जण. त्यातल्या एकसष्ट जणांनी अर्ज केला. चोवीस जणांना मिळालं."

"म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के!" सर चमकले. पण हार मानतील तर ते सर कसले. "नाही ताई, हा हिशेब फसवा आहे. मी नको म्हटल्यावरही ज्यांनी अर्ज केला, ते मुळात हट्टी. हट्टी लोकांना मिळायचं प्रमाण जास्तच असणार."

"मग तुमच्या फॉर्ममध्ये हट्टाला रकाना का नाही?"

नऊ वर्षांत ताई त्यांना असं कधी बोलली नव्हती. तिलाही स्वतःचंच नवल वाटलं.

"आणि हे बाकीचे?" पान उलटत सरांनी विचारलं. "एकशे त्रेपन्न. यांचं काय झालं?"

"त्यांनी तुमचं ऐकलं."

खाली औषधांच्या दुकानात कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं. सरांनी ताईच्या नावापुढचा कोरा रकाना पाहिला. तिथे पेनाचा एक ठिपका पडलेला होता.

"ही वही तुम्हाला कोणी ठेवायला सांगितली होती?"

"कोणी नाही."

सरांनी पुन्हा फॉर्म उचलला आणि आपलाच शेरा वाचला. या वेळी ओठ हलवत, सावकाश. त्यांचे कान लाल झाले. "मी आकडा बदलणार नाही," ते शेवटी म्हणाले. "फॉर्ममध्ये जे होतं त्याचे चौदाच होतात. तुम्ही फॉर्ममध्ये वही लिहिली नाहीत."

"वहीत काय लिहिण्यासारखं आहे, हेच कळलं नाही सर."

"मलाही तुमच्यात काय लिहिण्यासारखं आहे ते कळलं नाही. समोर बसून." सरांनी फॉर्म खाली ठेवला. "शिफारसपत्र कोण देणार आहे?"

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी मान हलवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

साधारणपणे वरिष्ठ म्हणतात, तुम्हीच लिहा, मी सही करतो. सरांनी त्या पत्रावर गुरुवारचा अख्खा दिवस घालवला. दोन बोटांनी टाइप करायचे, पुसायचे, पुन्हा टाइप करायचे. 'या व्यक्तीनं स्वतःहून केलेलं एखादं काम सांगा' या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं, 'सात वर्षं तिनं माझ्या चुका मोजल्या. मी तसं सांगितलं नव्हतं. तिची वही वाचल्यापासून मी माझ्या कामाची पद्धत बदलतो आहे.' ताईनंही आपला निबंध रात्रीतून नव्यानं लिहिला. सुरुवात अकरा टक्क्यांच्या त्या मुलापासून केली.

शुक्रवारी साडेपाचला अर्ज गेला. ताईनं आईला फोन केला.

"किती टक्के दिले तुझ्या सरांनी?" आईनं आधी तेच विचारलं.

"चौदा."

"आणि?"

"भरला अर्ज."

"मग ती कपाटावरची बॅग काढून उन्हात ठेवते उद्या."

"अगं आई, निकाल लागायला अजून चार महिने आहेत!"

"बॅगेला ऊन दाखवायला निकाल कशाला लागतो?" आईनं फोन ठेवला.

ताई हसत वळली तर सर तिच्या टेबलाशी उभे होते. वही उघडी होती. तिच्या ओळीतल्या तिसऱ्या रकान्यात, त्या ठिपक्यावरूनच, त्यांनी आपल्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: केला. पेन्सिलीनं नव्हे, पेनानं. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली, वहीचं पहिलं पान काढलं, पहिल्या 'केला नाही' वर बोट ठेवलं आणि फोन जवळ ओढला.

"ताई, यांचा नंबर अजून हाच असेल का हो?"