उन्हाळं

बापाला मी भर सभागृहात ‘काका’ म्हटलंय. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर आयत्या वेळी कच खाईन.

अंधेरीच्या एका कॉलेजात माझं व्याख्यान होतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेपासून वीज कशी करतात यावर. आइसलँड, केनिया, फिलिपिन्स, इटली, कुठकुठले फोटो जमवले होते. बाबा विक्रोळीच्या कारखान्यात बॉयलरवर होते, अख्खी नोकरी वाफेत गेलेली. “मी पण येतो गं, मागे बसेन,” म्हणाले. आले इस्त्रीचा शर्ट घालून, आणि बसले दुसऱ्या रांगेत.

केनियाचा फोटो आला तसा त्यांनी हात वर केला. “आमच्या गावी पण उन्हाळं आहे.”

कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात. दर मे महिन्यात मी त्यात पाय शेकलेत. पण पोरांना ऐकू आला उन्हाळा. “काका, उन्हाळा तर मालाडला पण आहे!” कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मीही हसले.

बाबांनाही हसू आलं, धीर चढला. “वाफेबरोबर पाणी येत असणार ना? ते टर्बाइनमध्ये गेलं तर पात्यांची वाट लागते. मग ते वेगळं कुठं करतात?”

मला माहीत नव्हतं. प्राचार्य बघत होते.

“काका, प्रश्न शेवटी घेऊ हं.”

बाबांनी हात खाली घेतला. मग “सॉरी मॅडम” म्हणून खाली बसले. शेवटी वेळ संपल्याचं सांगून मी प्रश्न घेतलेच नाहीत.

चहाला प्राचार्यांनी बाबांना विचारलं, “आपण कुणाबरोबर?”

“असाच आलो. बोर्डावर वाफेचं वाचलं.”

मी दोन हात अंतरावर उभी होते, बिस्कीट मोडत. तुकडा चहात बुडवला. तेव्हा लाज बाबांची वाटत होती. आता माझीच वाटते, आणि काही केल्या जात नाही.

मुलुंडला घरी आल्यावर शोधलं. बहुतेक ठिकाणी वाफेच्या विहिरीजवळच एक मोठी टाकी असते. तिच्यात वाफ वर निघते, पाणी खाली राहतं आणि परत जमिनीत सोडतात. म्हणजे बाबांनी नेमकं तेच विचारलं होतं. सांगायला गेले, तर ते शर्टाची घडी घालत होते.

मी बोलायच्या आत म्हणाले, “ते पाण्याचं तेवढं बघून ठेव हां. मी काही परत येत नाही, पण दुसऱ्या कुणी विचारलं तर अडकशील.”